विंग, रंगमंच आणि मधलं दार

प्रिय मित्रा,

नाशिकला अंबडच्या कंपनीत तू एक असतोस, पंचवटीत घरी दुसरा, कट्ट्यावर तिसराच. मग आपण ढोंगी का, असं तू विचारलंस. ढोंगी कसला! शिरवाडकर कविता कुसुमाग्रज म्हणून लिहीत आणि नाटकांवर स्वतःचं नाव घालत. नाशिककरांना त्यात कधी खोटेपणा वाटला नाही.

अडचण येते ती एका रूपातून दुसऱ्यात जायच्या दाराशी, रंगमंच आणि विंगेच्या मधल्या. अर्व्हिंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ या काळात शेटलंड बेटांवर राहिला. तिथल्या हॉटेलात कायमची कुरबुर चालायची स्वयंपाकघराच्या दारावरून. ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असायचं, व्यवस्थापकांना बंद. उघडं राहिलं की गिऱ्हाइकाला आतलं सगळं दिसणार!

तुझं दार म्हणजे मोबाईल. व्हॉट्सॲपच्या स्टेटस प्रायव्हसीत ‘ओन्ली शेअर विथ’ निवड आणि मोजक्या दहा-बारा जणांवरच टिक कर. ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ नको. त्यात वगळलेले तेवढे बाहेर राहतात. उद्या नव्या सुपरवायझरचा नंबर सेव्ह केलास की तो आपोआप आत. स्टेटस २४ तासांनी जातं, पण कुणी स्क्रीनशॉट काढला तर तो राहतो आणि तुला पत्ताही लागत नाही.

आता खोटेपणा कुठे सुरू होतो, ते सांगतो. साहेबांशी ‘आपण’, मित्राशी ‘अबे’. यात काही बिघडत नाही. आकडा मात्र सगळीकडे एकच हवा. मावशीला ‘चार लाखांचं पॅकेज’ सांगितलंस की ती बाराने भागून महिन्याला तेहतीस हजार धरते आणि स्थळं बघायला लागते. पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. तुझा पीएफ पगारातून कापला जातो तो वेगळाच. हातात येतात त्याहून बरेच कमी. तू खोटं बोलला नाहीस, पण बायोडेटात ते खोटंच होऊन बसतं. हातात येणारा पगार सांग, नाहीतर विषय टाळ.

उलटंही होतं. दिवसभर लाईनवर हुकूम सोडून आलेला माणूस ‘पाणी आण’ हेही त्याच सुरात म्हणतो, आणि आई दुखावते. म्हणून गाडी लावल्या लावल्या वर जाऊ नकोस. आयकार्ड काढून डिकीत टाक, कंपनीचा ग्रुप म्यूट कर, पाच मिनिटं खालीच थांब. मग बेल वाजव.