जुनी काळी सायकल १०८ किलोच्या माणसाला पेलेल का?

आपण विचारले आहे की वजन १०८ किलो असताना आणि वीस वर्षांत सायकलवर बसलेले नसताना वडिलांची दांड्याची जुनी सायकल दुरुस्त करून चालवावी, की नवी घ्यावी. माझे मत असे की सायकल तीच ठेवावी, मात्र खर्च करताना आधी मागचे चाक आणि ब्रेक पाहावेत. रंग आणि घंटी नंतर. मी सोलापूरचा. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४९ व्या वर्षी, १०४ किलो वजनाचा असताना मी अशीच २८ इंची काळी सायकल जिन्याखालून बाहेर काढली आणि आजही तीच चालवतो.

सांगाड्याची काळजी सहसा नसते. याच पोलादी सायकलींवर गवळ्यांनी दुधाचे भरलेले कॅन आणि घरोघरच्या लोकांनी गॅसचे सिलिंडर वाहून नेले आहेत. तरीही सायकल उलटी करून पायडलच्या दांड्याजवळचे सांधे आणि पुढचा चिमटा उजेडात नीट पाहा. तिथे भेग दिसली किंवा गंजाने पत्रा खाल्ला असेल, तर मोह सोडून द्यावा.

खरी परीक्षा मागच्या चाकाची असते, कारण आपले निम्म्याहून अधिक वजन तेच उचलते. हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीला नुसते तेलपाणी करून, ट्यूब बदलून मी निघालो. तिसऱ्या आठवड्यात होटगी रस्त्यावर मागून 'टण्' असा आवाज आला. एक स्पोक तुटला होता. मी दुर्लक्ष करून पुढे गेलो आणि घरी पोहोचण्याआधी आणखी दोन तुटले, रिम चिमट्याला घासू लागली, शेवटी चार किलोमीटर सायकल ढकलत आणली. दुकानातल्या मिस्त्रीने चाक हातात फिरवून सांगितले, "मालक, एक तार घालून काय होतंय? सगळंच चाक ढिलं पडलंय." त्याचे म्हणणे अगदी खरे होते. ढिला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताणला जातो आणि सुटतो, त्यामुळे हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणापाशी धातू थकून तुटतो, आणि त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. आपणही घरी पाहू शकता : मागच्या चाकाचे स्पोक एकेक करून बोटाने छेडा. एका बाजूचे स्पोक साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. मधूनच कुणी 'थड' असा बसका आवाज देत असेल, तर चाक उसवून सगळे स्पोक नवे घालून घ्या आणि आउट, म्हणजे चाकाचे डावीकडे-उजवीकडे डुलणे, काढून घ्या. या सायकलींच्या मागच्या चाकाला बहुधा ४० स्पोक असतात, आणि ते सारखे ताणलेले असले की आपले वजन त्यांना जड नाही.

टायर जुने असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. अंगठ्याने बाजू दाबली की बारीक भेगा उघडतात, ते रबर मेलेले असते. हवा मागे नेहमीपेक्षा थोडी अधिक, पण टायरवर छापलेल्या मर्यादेतच ठेवावी. आपल्याकडे वेड्या बाभळीचे काटे फार, म्हणून एक जादा ट्यूब आणि पंप घरात असू द्या.

ब्रेकचे चारही रबर नवे घाला. वजन जास्त म्हणजे थांबायला अंतरही जास्त, आणि ओल्या रिमवर हे तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक फारच उशिरा पकडतात. पावसात मी सायकल काढत नाही.

गुडघ्यांसाठी सीटची उंची महत्त्वाची आहे. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. लोक भीतीपोटी सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. शक्य असल्यास मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे साखळीचे चक्र) काढून २२ दात्यांचे बसवा. वेग कमी होतो, पण चढावर आणि समोरच्या वाऱ्यात पायांना फार सोपे जाते. पायडलवर एक पाय देऊन टांग मारत चढण्याची जुनी सवय मात्र सोडा; सायकल तिरकी करून आधी दांडा ओलांडावा, मग बसावे.

रक्तदाब आणि साखर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. पहिले पंधरा दिवस अंतर मोजू नका, रोज वीस मिनिटेच चालवा. मी विजापूर रस्त्याने कंबर तलावापर्यंत जाऊन परत येत असे, तेही उजाडता उजाडता. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात आठ वाजल्यानंतर ऊन आपल्या वजनाच्या माणसाला सोसत नाही. हिप्परग्याच्या बाजूला हमरस्त्याची अवजड वाहतूक असते, ती वाट सुरुवातीला टाळा.

नवे बांधलेले चाक साधारण १०० किलोमीटरनंतर थोडे सैल बसते, तेव्हा त्याच मिस्त्रीकडे पुन्हा जाऊन स्पोक ताणून घ्या. माझ्या चाकाचा एकही स्पोक त्यानंतर तुटलेला नाही.