आधी पाणी, मग पितळ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वारसा रेल्वेच्या शेडमध्ये शिरायला मिळालं आणि हातात दिलं काय, तर पितळ घासायचं फडकं! तुझा हिरमोड ओळीओळीत दिसतो. तरी घास. घासता घासता सैल नट आणि गळके सांधे हाताला लागतात. पण वाफेचं इंजिन जगतं ते बॉयलरमधल्या पाण्यावर, आणि ते पाणी बाहेरून कुणाला दिसत नाही.

वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, पत्र्यावर आणि नळ्यांवर त्यांचा थर चढतो, गाळ तळाशी बसतो. थरामुळे आगीची उष्णता पाण्यात पोचत नाही आणि पत्राच तापत जातो. म्हणून ठरावीक काळानं वॉशआउट: बॉयलर पुरता निवू द्यायचा, प्लग, म्हणजे बॉयलरच्या भोकांची बुचं, काढायचे, दाबाच्या पाण्यानं आतला गाळ काढायचा. निवण्याआधीच गार पाणी सोडलं तर पत्रा एकदम आकसतो, फायरबॉक्सचा पत्रा बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणाऱ्या स्टे-बोल्टना तडे जातात. पेटवतानाही तीच सबुरी हवी, कारण फायरबॉक्स तापला तरी बॉयलरचा तळ बराच वेळ गार असतो. थंड इंजिन पेटवायला अख्खा दिवस गेला तर मी त्याला उशीर म्हणत नाही.

जून 1995 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग रेल्वेवर 1278 क्रमांकाचं इंजिन पर्यटकांची गाडी ओढत होतं. पाणी कमी झालं, एरवी पाण्याखाली असणारं फायरबॉक्सचं छत उघडं पडलं, तापून मऊ झालं आणि फाटलं. इंजिनावरचे तिघं भाजले. चौकशीत गेजग्लासकडे, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे, जाणाऱ्या वाटा क्षारांनी आवळलेल्या निघाल्या. छताच्या स्टे-बोल्टची रचना चांगली होती, म्हणून छत टप्प्याटप्प्यानं सुटलं आणि बॉयलर उडाला नाही. त्यामुळे काचेत पाणी दिसतंय एवढ्यावर कधी समाधान मानू नकोस. काचेखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून काच रिकामी कर, मग बंद कर. पाणी झटकन वर उसळलं तर वाट मोकळी. रेंगाळत चढलं तर तसं इंजिन बाहेर काढायचं नाही, फलाटावर कितीही गर्दी असो.

बॉयलरची चाचणी आधी पाणी भरून का घेतात, हे तू विचारलंस. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे चाचणीत पत्रा फाटला तरी दाब लगेच ओसरतो. तीच चीर वाफेवर गेली तर तापलेलं पाणी क्षणात वाफ होतं आणि शेकडो पटींनी फुगतं.

रॉड, बेअरिंग, तेलाचे कप यांबद्दल लिहीत नाही. ड्रायव्हर ओरडून ओरडून शिकवतीलच. एक मात्र माझं ठाम मत. मूळ भाग जपायचा हट्ट घंटीपाशी, नावाच्या पाटीपाशी ठीक आहे. झिजलेला बॉयलरचा पत्रा कितीही ऐतिहासिक असो, जाडी मोजून कमी भरली की तो कापायचा. हवा तर तुकडा संग्रहालयात ठेवा.

पुढच्या वॉशआउटला तुझं नाव घालायला सांग. प्लगच्या भोकातून विजेरी घालून छत बघ, दिसेल ते तारखेसकट वहीत उतरव, आणि थर किती जाड निघाला ते मला कळव.

तुझा,
काका