घर देखणं आहे, पण ऊब नाही

प्रश्न : ताई, नव्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या भिंती, करड्या फरशा, मोजकं फर्निचर असं सगळं हौसेनं केलं. पण सासूबाई म्हणतात, ‘दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.’ पसारा न वाढवता काय करता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सासूबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. आधी छताकडे बघा. तिथे बहुधा ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढरेशुभ्र दिवे असतील. संध्याकाळी ते बंद ठेवा आणि कोपऱ्यात, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल असा २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावा. आकडा खोक्यावर छापलेला असतो. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, त्यानेही खोली परकी वाटते. जाड सुती पडदे आणि खाली सतरंजी घाला.

माझ्या घरी दिवाणावर आजीने शिवलेली गोधडी आहे. एका चौकोनात तिच्या हिरव्या इरकली लुगड्याचा काठ, शेजारी बाबांच्या शाळेच्या चड्डीचं खाकी कापड. धावदोरा मध्येच वाकडा गेलाय, बोट फिरवलं की कळतं. येणारा प्रत्येक जण आधी तिथेच टेकतो. सासूबाईंकडे जुनी लुगडी असतीलच. मायेने विचारा, त्यांनाच कापडं निवडू द्या आणि त्यांची गोधडी शिवून घ्या. ती एक गोधडी बैठकीत पसरा, बाकीची खोली मोकळीच राहू द्या. शोभेच्या वस्तू मात्र विकत आणू नका. आणि गोधडी जपून ठेवू नका हं, रोज वापरा. धुऊन धुऊनच ती मऊ होते.