लिंटरच्या इशाऱ्यांचा पूर

प्रश्न : आमच्या जुन्या पायथन कोडवर रफ (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, म्हणजे लिंटर) चालवलं, तर इशाऱ्यांचा पूर आला. सगळं आत्ताच दुरुस्त करायचं का?
– एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : मुळीच नाही! आधी फक्त फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) चालवा, तो बदल वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीत, ठेवा आणि ती कमिट गिट ब्लेममधून (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) वगळा; नाहीतर जिथेतिथे तुमचंच नाव दिसेल. मग लिंटरचे मोजकेच नियम चालू करा. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मी सर्वात आधी डीफॉल्ट आर्ग्युमेंटमधली (फंक्शनला काही दिलं नाही तर वापरली जाणारी) रिकामी लिस्ट पकडायला लावते. ती फंक्शन बनताना एकदाच तयार होते, पुढच्या प्रत्येक कॉलला तीच मिळते. म्हणजे एका ग्राहकाचा माल दुसऱ्याच्या बिलात! ओळीच्या लांबीवरून मात्र भांडू नका. पेप ८ मध्ये (पायथनच्या लेखनशैलीचे नियम) ७९ अक्षरं आहेत, पण टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत मुभाही तिथेच दिलीय. जुन्या फायली हात लागेल तशा सुधारा.