सौद्याचे आकडे आणि तुटणारी लाइन

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. मागच्या हंगामांचे सौद्याचे दर पायथनमध्ये लोड करते, त्यातच बराच वेळ जातो. दुकानातल्या उबंटू (लिनक्स) मशीनला घरून एसएसएचनं, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडून, जोडते. विश्रामबागेत संध्याकाळी लाइट गेली की वायफाय बंद. परत जोडावं तर पायथन गायब, सगळं पहिल्यापासून! दुकानातलं मशीन यूपीएसवर चालूच असतं. मग पायथन का बंद पडतो? आणि आत न शिरता त्याला बाहेरूनच एखादी ओळ विचारता येईल का?

उत्तर : ताई, एसएसएच तुटलं की दुकानातल्या मशीनवरचं तुमचं टर्मिनल मिटतं, आणि मिटताना लिनक्स त्यातल्या प्रोग्रॅमना 'लाइन तुटली, बंद व्हा' असा हँगअप सिग्नल देतं. पायथन त्यातच जातो. कुणीतरी 'नोहप लावा' म्हणेल, म्हणजे हा सिग्नल प्रोग्रॅमला लागू न देणारी कमांड. एकदा सुरू करून सोडून द्यायच्या कामाला ते ठीक आहे. पण तुम्हाला पायथनशी बोलायचंय, आणि नोहप तर कीबोर्डच तोडून टाकतं.

तुमचं काम टीमक्स (tmux) करेल, म्हणजे टर्मिनल मशीनवरच जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम. त्याच कामाचा १९८७ पासूनचा 'स्क्रीन' हा प्रोग्रॅमही चालतो, पण साताऱ्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी २००७ साली आलेलं टीमक्सच देते. त्याला बाहेरून हुकूम देणं सोपं जातं. एसएसएचनं आत गेल्यावर 'टीमक्स न्यू -एस हळद' म्हणा (इथे देवनागरीत छापलंय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं) आणि त्यात पायथन सुरू करा. आता पायथनचं टर्मिनल टीमक्सच्या सर्व्हरकडे असतं. तुमची खिडकी फक्त बघायला जोडलेली, ती तुटली तरी आत काही हलत नाही. मुद्दाम बाहेर यायचं तर कंट्रोल-बी दाबून सोडा, मग डी. परत जायला 'टीमक्स अटॅच -टी हळद'.

आता बाहेरून विचारायचं. 'टीमक्स सेंड-कीज -टी हळद', पुढे अवतरणात तुमची ओळ, शेवटी 'एंटर'. उत्तर वाचायला 'टीमक्स कॅप्चर-पेन -पी -टी हळद'. यात एक गोम आहे. सेंड-कीज ओळ टाइप करून लगेच मोकळं होतं, उत्तराची वाट बघत नाही. सरासरी काढायला पायथनला चार सेकंद लागली आणि तुम्ही दुसऱ्याच सेकंदाला पडदा टिपलात, तर हाती फक्त तुमचाच प्रश्न येतो. म्हणून प्रत्येक प्रश्नामागे 'झालं' छापणारी ओळ पाठवा आणि पडद्यावर तो शब्द एकटा, आपल्या ओळीवर दिसेपर्यंत थांबा. लांबलचक फंक्शन असं पाठवू नका, ओळींआधीच्या मोकळ्या जागांचा बट्ट्याबोळ होतो. ते फाइलीत लिहा आणि आयपायथनमध्ये (पायथनचंच सोयीचं रूप, मग टीमक्समध्ये साध्या पायथनऐवजी तेच सुरू करा) '%रन -आय' आणि फाइलीचं नाव देऊन चालवा, म्हणजे लोड केलेले दर त्यालाही दिसतात.

हे रोजचंच होणार असेल तर ज्युपिटरचा कर्नल (मागे चालू राहून प्रश्नांना उत्तरं देणारा पायथन) टीमक्समध्ये चालू ठेवून 'ज्युपिटर कन्सोल --एक्झिस्टिंग'नं जोडा. तिथं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे कर्नलच सांगतो, पडदा टिपायची कटकट नाही. मात्र एका वेळी एकच काम. पहिलं संपेपर्यंत दुसरी खिडकी रांगेत.

पण हे सगळं रॅममध्ये आहे हं. हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद टिकायची तसे आकडे तिथं टिकत नाहीत. मशीन रीस्टार्ट झालं की टीमक्सही गेलं. एकदा लोड झालं की लगेच पार्केट फाइल (तक्ते पटकन वाचता येतील असा फाइलचा प्रकार) करून डिस्कवर ठेवा. मला विचाराल तर हे आधी करा आणि टीमक्स नंतर. पुढच्या खेपेला लोड व्हायला इतका वेळच लागणार नाही. आणि आठवड्यातून एकदा पायथन मुद्दाम बंद करून नव्यानं उघडा. नाहीतर कोडमधून पुसलेलं व्हेरिएबल आत जिवंत राहतं आणि जुन्याच दरानं पट्टी निघते.

दुकानात मालकही तुमच्याच लॉगिननं बसत असतील तर त्यांना हेच सेशन उघडता येईल, टाइपही करता येईल. त्यांना फक्त बघायचं असेल तर अटॅचपुढे '-आर' लावायला सांगा.