जुन्या पॉइंट टू-टू रायफलला कोणता क्राउन करून घ्यावा?

वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यावर तुमच्याकडे आलेली जुनी बीएसए बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल ५० मीटरवर ग्रुप धरत नाही, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागत नाहीत, मझलची (बॅरलच्या पुढच्या तोंडाची) कड एका बाजूला घासलेली दिसते आणि गनस्मिथने क्राउनचे, म्हणजे त्या तोंडाला द्यायच्या आकाराचे, गोल, ११ अंशांचा आणि खोलगट असे तीन प्रकार सांगितलेत. यातला कोणता घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

बॅरल जाड मॅच प्रकारचं असेल तर खोलगट घ्या, बारीक स्पोर्टिंग असेल तर गोल. ११ अंशांसाठी अडून बसू नका.

गोळी बॅरल सोडते त्या क्षणी तिच्या बुडाभोवती गॅस सगळीकडून एकदमच सुटायला हवा. कड एका बाजूला झिजली असेल तर तिथून तो आधी निसटतो आणि गोळी कलते. नळाच्या तोंडाचा टवका उडाला की धार वाकडी पडते, तसं. त्यात पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, जेमतेम २.६ ग्रॅमची. तिचं बूड काडतुसात बसावं म्हणून अंगापेक्षा बारीक केलेलं असतं, आणि कडेला राहिलेली छोटीशी बरही (धातूचा बारीक काटा) त्या शिशाला ओरखडा काढते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे असा ओरखडा महागात पडतो. म्हणून कड बोअरच्या (बॅरलच्या आतल्या भोकाच्या) अक्षाला अचूक काटकोनात आणि स्वच्छ हवी. बाहेरच्या उताराचा कोन किती, याला त्यामानाने फार कमी महत्त्व आहे.

मग खोलगट का? कड आत राहते, रॅकवर किंवा भिंतीला ठोकर बसली तरी वाचते. तोटा एवढाच की त्या खळग्यात काजळी आणि गोळीवरचं मेण साचतं. मुंबईच्या पावसाळी दमटपणात त्याखाली गंज धरायला वेळ लागत नाही. रेंजवरून आलात की तेवढा भाग पुसून तेलाचा हात फिरवायचाच. बारीक बॅरलला मात्र खळगा करायला पुरेशी भिंत उरत नाही. तिथे गोल क्राउन शोभतो आणि जुन्या रायफलचं मूळ रूपही टिकतं.

पण लेथला हात लावण्याआधी क्राउनच दोषी आहे याची खात्री करा. अ‍ॅक्शनचे (बोल्ट बसतो त्या यंत्रणेचे) स्क्रू, साइटची पकड, बोअरमध्ये साचलेलं शिसं आणि दुसऱ्या लॉटची काडतुसं, एवढं आधी तपासून घ्या. कापसाची काडी मझलमधून आतून बाहेर हळू ओढा. एखाद्या ठिकाणी धागे अडकले तर तिथे बर आहे. फायरिंगनंतर मझलच्या तोंडावर काजळीची चांदणी उमटते, तिचे हात सारखे नसतील तर तोही पुरावा. अशी झीज बहुधा मझलकडून रॉड घालून साफ करण्यामुळे होते. तुमची बोल्ट-अ‍ॅक्शन आहे, तेव्हा यापुढे बोल्ट काढून ब्रीचकडूनच (बॅरलच्या मागच्या टोकाकडूनच) साफ करा.

काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, अगदी चांगला टर्नर असला तरी नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीच्या धंद्याला (कलम ५) आणि बॅरल आखूड करायला (कलम ६) परवाना लागतो, आणि क्राउन नव्याने करताना बॅरलचा थोडा भाग जातोच. म्हणून किती भाग काढणार आणि त्यासाठी कोणती परवानगी लागेल, हे गनस्मिथकडून आधी स्पष्ट करून घ्या. रायफल देताना तुमचा परवाना दाखवा, रायफलचा नंबर लिहिलेली पावती घ्या.

त्यांना एकच गोष्ट आवर्जून विचारा: लेथवर बॅरल बाहेरच्या अंगावरून सेंटर करणार की बोअरवरून? जुन्या बॅरलचं भोक बरोबर मध्यावर असेलच असं नाही. बोअरवर डायल (मध्य तपासायचं मापक) लावून चार जबड्यांच्या चकमध्ये सेंटर करणारा माणूस निवडा. घासलेला भाग जाईल तेवढंच काढा, कारण काही जुन्या मॅच बॅरलमध्ये मझलजवळ बोअर मुद्दाम किंचित घट्ट ठेवलेला असतो आणि जास्त कापलं की तो गुण निघून जातो.

काम झाल्यावर वरळीच्या किंवा तुमच्या नेहमीच्या रेंजवर, टेकूवर ठेवून, आधी वापरलेल्याच लॉटची काडतुसं घेऊन पाच-पाचचे ग्रुप काढा. पहिल्या काही गोळ्या मोजू नका. साफ केलेल्या बोअरला पुन्हा मेणाचा थर धरावा लागतो, त्यानंतरचेच ग्रुप जुन्या टार्गेटशी ताडून पाहा.