बाबांचा डबा निवृत्तीच्या हिशोबातून काढा

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५२, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, वीस वर्षांपासून ग्रीक-रोमन नाण्यांचा छंद. ते लिहितात: "प्राचीन नाण्यांच्या आयातीवर अमेरिकेत निर्बंध वाढत चालले आहेत. माझा डीलर म्हणतो, आवक आटली की पाच वर्षांत भाव दुप्पट होतील. जुन्या कंपनीच्या ४०१-के या निवृत्ती-बचत खात्यातून पैसे काढून ४० हजार डॉलरची नाणी घ्यावीत का? निर्बंधांविरुद्ध लढणाऱ्या संग्राहकांच्या निधीला २ हजार डॉलर द्यायचाही विचार आहे. निवृत्तीसाठी ४०१-केमध्ये ३ लाख १० हजार आहेत. शिवाय वडिलांच्या संग्रहातली सातवाहन, क्षत्रप आणि शिवकालीन नाणी आहेत, अंदाजे ५० हजारांची. ती नाशिकहून दोन फेऱ्यांत बॅगेतून आणली. उरलेला डबा आईकडे आहे, तो या दिवाळीत आणेन."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत देता येतं. शेवटच्या तीन वाक्यांनी मात्र माझी झोप उडवली.

आधी प्रश्न. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत ४०१-केतून रक्कम काढली की आयकर लागतो, वर १० टक्के दंड. राज्याचा कर धरून तुमच्या उत्पन्नावर साधारण ३८ टक्के जातील. म्हणजे हाती ४० हजार यायला ६५ हजार मोडावे लागतील. लिलावात खरेदीदाराकडून बोलीवर २० टक्क्यांच्या आसपास वरकड घेतात, त्यामुळे ४० हजारांत ३३ हजारांचा माल येतो. उद्याच विकायची वेळ आली, तर विक्रीचं कमिशन जाऊन हाती ३० हजार. ६५ चे ३० झाले, आणि भाव अजून हललेलाही नाही.

तेच ६५ हजार ६ टक्क्यांनी वाढले तर तुमच्या पासष्टीला १ लाख ३८ हजारांच्या आसपास होतील, कर भरून लाखभर हातात. ३० हजारांचे लाख व्हायला नाण्यांना सलग १३ वर्षं दरवर्षी जवळजवळ १० टक्के वाढावं लागेल. त्या नफ्यावर कर वेगळा, आणि संग्रहवस्तूंवर तो २८ टक्क्यांपर्यंत जातो. पैसे काढू नका.

डीलरच्या बोलण्याचा मला राग आला, कारण तो अर्धीच गोष्ट सांगतो. मूळ देशांच्या विनंतीवरून अमेरिका तिथल्या प्राचीन नाण्यांची बिनकागदी आयात अडवते. सायप्रसच्या नाण्यांवर असे निर्बंध आले २००७ मध्ये, चीनच्या २००९ मध्ये, इटलीच्या २०११ मध्ये. एन्शन्ट कॉइन कलेक्टर्स गिल्ड या संघटनेने २००९ मध्ये सायप्रस आणि चीनची २३ नाणी निर्बंधांना न्यायालयात आव्हान देता यावं म्हणून लंडनहून मुद्दाम बाल्टिमोरला मागवली, कस्टम्सने ती अडवली आणि खटला उभा राहिला. संग्राहकांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं: नाणं मुळात फिरण्यासाठीच असतं, सायप्रसमध्ये पाडलेलं नाणं सायप्रसच्याच मातीतून निघालं असं धरता येत नाही, आणि स्वस्त नाण्यांचे कागद शंभर वर्षांत कुणी ठेवलेच नाहीत. पण न्यायालयांनी ते मानलं नाही. २०१२ मध्ये अपील फेटाळलं गेलं, २०१८ मध्ये जप्तीही कायम झाली.

यातून गुंतवणूकदाराने काय घ्यायचं? निर्बंधांनी सगळ्या नाण्यांचा भाव चढत नाही. ज्यांच्याकडे नाणं निर्बंधाच्या तारखेआधीच मूळ देशाबाहेर होतं याचा कागद आहे, त्यांच्या नाण्यांचा चढू शकतो. बिनकागदाचं नाणं विकायलाच अवघड होत जातं. डीलरच्या यादीवर 'जुना युरोपीय संग्रह' एवढे तीन शब्द असतील तर तो पुरावा नव्हे. आणि निधीचं म्हणाल, तर संग्राहक जिंकले की आवक खुली होईल आणि डीलरचा 'दुप्पट'चा आधारच जाईल. पटतं म्हणून २ हजार जरूर द्या. मात्र जी लढाई जिंकावी म्हणून वर्गणी देता, ती हरेल या भरवशावर ४० हजार लावू नका.

आता डबा.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. घरी ठेवता येते, पण केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कुणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. किंमत कितीही असो, वडिलोपार्जित असो वा नसो. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. विमानतळावर कुणी अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. जुलै २०२४ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात सांस्कृतिक मालमत्तेचा करारही झाला आहे. अशा वेळी ही नाणी कुठल्या लिलावघरात घेऊन जाणार? पहिला प्रश्न येईल, भारतातून कधी आणि कशी निघाली. खरं उत्तर तुम्हीच मला लिहून पाठवलं आहे.

म्हणून हिशोबात ५० हजारांच्या जागी शून्य लिहा. ३ लाख ६० हजार नाहीत, ३ लाख १० हजारच आहेत. खड्डा भरायला पुढची १३ वर्षं दरमहा २०० डॉलर जास्त टाकलेत तर ६ टक्क्यांनी साधारण ४७ हजार होतात. नाणी घेण्याऐवजी हे करा.

जवळ असलेली नाणी विकू नका, कुणाला देऊ नका, आणि घाबरून बॅगेत घालून परतही नेऊ नका. आधी दोन्हीकडच्या कायद्याची जाण असलेल्या वकिलाला भेटा. रीतसर परत करण्याचा मार्ग त्यांच्यामार्फतच काढा. तीन-चार हजार डॉलर लागले तरी खर्च करा. हे टाळलंत तर उद्या हा डबा तुमच्या मुलीच्या हाती येईल आणि तिला काहीच ठाऊक नसेल.

आईकडचा डबा नाशिकलाच राहू दे. तिथे तो कायदेशीर आहे, आणि देशात परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकताही येतो. मला मात्र वाटतं, विकण्याआधी त्याची ओळख करून घ्या. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कुणी कुणाला हरवलं हे त्या ढिगाने सांगितलं, कारण तो ढीग म्हणूनच सापडला. तुमच्या वडिलांनी कुठलं नाणं कोणत्या सराफाकडून घेतलं याची वही ठेवली असेल, तर डब्याइतकीच ती मोलाची आहे.

दिवाळीत आईजवळ बसून प्रत्येक नाण्याचा फोटो काढा, वजन लिहा, वहीच्या पानांचे फोटो घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. परतताना बॅगेत फक्त फोटो असू द्या.